मीच सांगितलं

योर्दानी आरशासमोर उभा राहून डाव्या हाताने केस विंचरत होता. त्याचा इस्त्री केलेला शर्ट घेऊन आलेली यूदेल्का ते पाहून दारातच थांबली.

सोळा वर्षांचा हा तिचा धाकटा भाऊ. त्याच्या उजव्या हाताने फेकलेला बेसबॉलचा चेंडू बघायला परगावाहून माणसं यायची, सगळ्या बानी गावाने त्या हाताच्या पराक्रमावर पैजा लावल्या होत्या. आणि आज, ज्या दिवशी त्याच हाताने क्लबच्या करारावर सही करायची होती त्या दिवशी, तो हात मांडीजवळ मुकाट लोंबत होता...

"कंगवा उजव्या हातात घे," ती म्हणाली.

"ताई, शर्ट ठेव तिथे आणि जा."

"घे म्हणते ना."

त्याने घेतला. हात छातीपर्यंत वर आला आणि तिथेच अडला. त्याचा वरचा ओठ घामाने ओला झाला होता. यूदेल्काने शर्ट खाटेवर टाकला, दार लोटून घेतलं आणि त्याचं कोपर हातात धरलं. आतल्या बाजूला सूज होती, गरम, पिकायला आलेल्या गळवासारखी.

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे. कोचने गोळ्या दिल्यात, आज सकाळी इंजेक्शनही दिलं. ताई, दहा चेंडू फक्त. त्यांचे बडे साहेब अमेरिकेतून मुद्दाम आलेत, त्यांना दहा चेंडू टाकून दाखवायचे, मग सही. पुढे त्यांचे डॉक्टर आहेत, ते बघून घेतील."

"आणि तिसऱ्याच चेंडूला तुटलं तर?"

"नाही तुटणार."

"हे कुणी सांगितलं तुला?"

तो जमिनीकडे बघत म्हणाला, "बाबांनी."

म्हणजे बाबांना ठाऊक होतं! यूदेल्का खाटेच्या कडेला टेकली आणि लगेच उठली, तिला बसवेना. खरं तर तिलाही ठाऊकच होतं. योर्दानी सात वर्षांचा असल्यापासून रोज सकाळी रंगाच्या उपड्या डब्यावर बसून त्याचे चेंडू तिनेच झेलले होते. ते झेलता झेलता तिच्या डाव्या हाताचं मधलं बोट कायमचं वाकडं झालं होतं, आणि त्या बोटाची तिला कधी लाज वाटली नव्हती. गेले पंधरा दिवस ग्लोव्हमध्ये शिरणाऱ्या चेंडूचा आवाज फुटका येत होता. तिने विचारलं तेव्हा त्याने "पकड बदलतोय" म्हणून उडवून लावलं, आणि तिनेही ते मानून घेतलं, कारण ते मानणं सोपं होतं.

ती मागच्या अंगणात गेली. ओरेगानो लावलेलं बकऱ्याचं मटण चुलीवर रटरटत होतं, शेजारीपाजारी आपापल्या प्लास्टिकच्या खुर्च्या घेऊन येत होते. आंब्याचा ट्रक धुऊन पुसून आज फाटकाशी उभा केला होता. रादामेस, तिचे वडील, ट्रकच्या आरशात बघून मिशी नीट करत होते. त्यांचा उजवा हात गेली तीस वर्षं काटकोनात अडकलेला होता. शर्टाचं गळ्याजवळचं बटन त्यांची बायको लावून द्यायची.

"बाबा, त्याचं कोपर सुजलंय."

"हळू बोल."

"तुम्हाला माहीत असून तुम्ही त्याला मैदानावर नेणार?"

रादामेसने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. "माझं कोपर गेलं तेव्हा मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि माझ्या हातात कागद नव्हता, म्हणून मला कुत्र्यानेसुद्धा विचारलं नाही. कागद आधी, कोपर मागून. सही झाली की हात त्यांचा, डॉक्टर त्यांचा, काळजी त्यांची. सही झाली नाही, तर हा ट्रक आहेच त्याच्या नशिबी. तू भाकीत करू नकोस. जा, खुर्च्या पुस."

त्यांच्या म्हणण्यात काही खोट नव्हती, म्हणूनच ते अधिक भयंकर होतं. यूदेल्का खुर्च्यांकडे गेली नाही. स्वयंपाकघरात गेली, तिथून पुन्हा अंगणात आली, पुन्हा आत गेली. शेवटी आई लेओकादियाने तळणीवरून मान वर करून विचारलं, "मुंगी चावल्यासारखी काय फिरतेस?" आणि यूदेल्काच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. आईने काही करावं म्हणून नव्हे. एवढं ओझं एकटीच्या छातीत मावेना म्हणून.

लेओकादियाने केळ्याचे काप उलटले.

"तुझ्या बापाचा हात गेला त्या दिवशी मी तिथे होते," ती हळूच म्हणाली. "लग्न व्हायचं होतं आमचं. चेंडू टाकायच्या आधी त्याने माझ्याकडे बघितलं, मी हसले. मला वाटलं, धीर द्यावा..." मग तिने हातातल्या फडक्यानेच डोळे टिपले. "जा. चमचे कमी पडतील, शेजारून आण."

यूदेल्का चमचे घेऊन परतली तेव्हा क्लबचे पारखी बेनहामिन साहेब आंब्याखाली येऊन बसले होते. पांढऱ्या टोपीचे, मितभाषी गृहस्थ. बडे साहेब परस्पर मैदानावर जाणार होते. कोच तोरिबिओ, ज्याने योर्दानीला बाराव्या वर्षापासून तयार केलं होतं, त्यांच्याभोवती नवऱ्यामुलाच्या मामासारखा मिरवत होता. आणि लेओकादिया, जी परक्या पुरुषासमोर कधी दोन शब्द बोलली नव्हती, ती स्वतः कॉफीचा ट्रे घेऊन त्यांच्यापाशी उभी होती. कोच कुणाला तरी हाक मारायला वळला तेवढ्यात ती वाकली आणि काहीतरी बोलली. एकच वाक्य असेल. साहेबांनी कप तोंडाला न लावता तसाच ट्रेमध्ये ठेवला.

"पोरा, इकडे ये," त्यांनी योर्दानीला बोलावलं. "दोन्ही हात समोर धर. तळवे वर. कोपरं सरळ."

डावा हात सरळ झाला. उजवा झाला नाही. साहेबांनी आतल्या बाजूला अंगठा टेकवला मात्र, योर्दानीच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. अंगणातलं बोलणं एकेक करून थांबत गेलं.

"आज नको," बेनहामिन साहेब म्हणाले. त्यांनी पिशवीची चेन ओढली, टोपी सारखी केली आणि जाता जाता योर्दानीच्या डोक्यावर हात ठेवला. "आधी हाताकडे बघ."

गाडी वळणावर दिसेनाशी झाली तरी कुणी हललं नाही. एका क्लबने नाकारलेला मुलगा दुसऱ्या क्लबच्या दारात उभा राहू शकत नाही, हे तिथल्या लहान मुलालाही कळत होतं.

"कुणी सांगितलं?" रादामेसचा आवाज शांत होता, म्हणूनच ऐकवत नव्हता. "माझ्या घरातलं कोण बोललं?"

लेओकादियाने ट्रे खाली ठेवला. तिचे ओठ विलग झाले... आणि त्या एका क्षणात यूदेल्काला पुढचं सगळं आयुष्य दिसलं. आईच्या हातचं न जेवणारा योर्दानी, तिला गळ्याचं बटन लावू न देता फिरणारे बाबा, आणि त्या दोघांच्या मधोमध दोषी नजरेने वावरणारी, कुठेच जायला जागा नसलेली ही माउली. मुलाला या दिवसानंतर कुणाच्या तरी कुशीत रडावं लागणार होतं. ती कूस तरी त्याच्यासाठी शाबूत राहायला हवी होती. आपलं काय, आपण सव्वीस वर्षांच्या, हातपाय धड असलेल्या.

"मी," ती म्हणाली. "मीच सांगितलं."

"घरातच साप पाळलास, रादामेस," कोच थुंकला.

योर्दानी तिच्यासमोर येऊन उभा राहिला. तो रडत नव्हता. "तुझा हातही माझ्यासारखाच चालायचा ना, ताई? सगळे म्हणायचे. पण पोरीला कोण करार देणार? म्हणून माझंही होऊ दिलं नाहीस."

नऊ वर्षं झेललेल्या चेंडूंपैकी एकही तिला इतक्या जोरात लागला नव्हता.

त्या घरात आता तिला जागा उरली नव्हती. दुपारी कपड्यांची पिशवी घेऊन ती महामार्गावर बसची वाट बघत उभी असताना लेओकादिया धापा टाकत मागून आली. "मी सांगते त्यांना. आत्ता सांगते. माझं पाप तू का डोक्यावर घेतेस?"

"पाप कसलं, आई? हात वाचवलास तू त्याचा. पण आत्ता सांगितलंस तर तो तुझं काही ऐकणार नाही. हात बरा व्हायचा असेल तर घरात कुणाचं तरी ऐकायला हवं त्याने." बस दिसू लागली तशी तिने आईचा हात घट्ट धरला. "शपथ घे. मी हो म्हणेपर्यंत तोंड उघडणार नाहीस. आपल्या चर्चमधल्या रेग्लाच्या माउलीची शपथ."

लेओकादियाने शपथ घेतली. आणि तिथेच, धुळीत, ती मटकन खाली बसली. बसच्या खिडकीतून यूदेल्काला दिसली ती तशीच.

राजधानीत, सांतो दोमिंगोत, यूदेल्काला हातापायांच्या व्यायामाच्या एका दवाखान्यात काम मिळालं. आधी टॉवेल धुणं, फरशी पुसणं. पण तिला एका जागी थांबता येत नसे. धुतलेले टॉवेल ती पुन्हा घडी करी, रिकाम्या वेळी पडद्याआडून रुग्णांचे हात न्याहाळी. दवाखान्याच्या डॉक्टर मार्गोत, साठीच्या, फटकळ बाई, एकदा वैतागून म्हणाल्या, "नुसतं बघत काय उभी राहतेस? धर हा हात. आणि आधी माणसाचं तोंड बघ, दुखलं की तिथे दिसतं."

ती शिकली. कोपराच्या आत हाडाला हाड बांधणारी एक दोरी असते, वाढत्या वयात ती फार ताणली की धागा धागा सुटते, पूर्ण तुटली तर कापाकापी करावी लागते, पण अर्धवट सुटलेली असेल आणि मूल लहान असेल तर विश्रांतीने, धीराने जुळूही शकते... हे डॉक्टरीणबाई दुसऱ्याच कुणाला समजावत होत्या. यूदेल्काने हातातली बादली खाली ठेवली आणि विचारलं, "आणि विश्रांती किती?"

"मूल कुणाचं आहे?"

"माझ्या भावाचं कोपर आहे."

मार्गोतबाईंनी तिला समोर बसवलं आणि महिन्यामहिन्याचे व्यायाम सांगितले. यूदेल्काचं अक्षर योर्दानी ओळखेल म्हणून दवाखान्यातल्या दुसऱ्या मुलीने ते आईकडे पाठवायच्या कागदांवर लिहिले. गुरुवारी सकाळी चर्चमधून लेओकादियाचा फोन येई. "चर्चच्या दवाखान्यातल्या नर्सने दिले म्हणून सांगितलं त्याला," ती कुजबुजे. "करतो गं. कुरकुरतो, पण करतो. मी समोर बसते ना."

"वजन किती उचलतो? दुखलं की थांबतो ना? चेंडूला हात लावू देऊ नकोस अजून. सहा महिने, आई. एक दिवस कमी नको."

"तुझ्याबद्दल विचारत नाही तो," एकदा आई अचानक म्हणाली आणि रडू लागली.

"मी कुठे म्हटलं विचारायला? वजन किती ते सांग."

पहिल्या नाताळाला मात्र तिला राहवलं नाही. मार्गोतबाईंनी दिलेली दोन दिवसांची सुट्टी, पिशवीत भावासाठी घेतलेला निळा शर्ट, वाटेत तीनदा बदललेली बसायची जागा. बानीच्या चौकात ती उतरली आणि समोरच योर्दानी दिसला. मित्रांबरोबर होता. उंच झाला होता. हात... तिची नजर आधी हातावर गेली. हात सरळ लोंबत होता. त्याने तिला पाहिलं. तिने पिशवी सावरून एक पाऊल पुढे टाकलं, आणि तो रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने निघून गेला.

तीच बस वळून परत जायला निघाली होती. ती तिच्यातच चढली. घरी आईने तिच्यासाठी केळीच्या पानातले पास्तेलेस उकडून ठेवले होते, ते तिला गुरुवारच्या फोनवर कळलं.

अडीच वर्षं गेली. सहा महिन्यांच्या विश्रांतीनंतर योर्दानीने पुन्हा चेंडू हातात घेतला. आधी दहा पावलांवरून, मग वीस. कोच तोरिबिओ केव्हाच दुसऱ्या मुलांकडे वळला होता, त्यामुळे घाई करणारं कुणी उरलं नव्हतं. एकोणिसाव्या वर्षी, ज्या वयात क्लबवाले मुलाला म्हातारा म्हणतात, एका लहानशा क्लबने त्याला तपासायला बोलावलं. त्या गुरुवारी आईचा फोन आला नाही. यूदेल्काने दिवसभरात दोन कप फोडले. शुक्रवार, शनिवारही तसेच गेले.

सोमवारी दुपारी ती एका म्हातारीची बोटं हलवून घेत असताना मार्गोतबाई दारात आल्या. "एक उंच मुलगा आलाय. नाव सांगत नाही. कोपर दाखवायचंय म्हणतो."

पडदा सरकवून योर्दानी आत आला. स्टुलावर बसला. न बोलता त्याने दोन्ही हात समोर धरले, तळवे वर. दोन्ही कोपरं सरळ झाली.

यूदेल्काने हात लावला नाही. तिला स्वतःवर भरवसा नव्हता.

"क्लबच्या डॉक्टरने फोटो काढला आतला," तो म्हणाला. "म्हणाला, इथे जुनी जखम भरून आलीय. म्हणाला, त्या वेळी तुला ज्याने थांबवलं त्याच्या नावाने मेणबत्ती लाव, अजून थोडे चेंडू टाकले असतेस तर हा हात गेला असता. मी घरी येऊन सांगितलं. म्हटलं, मेणबत्ती कसली लावू, ताईने तर जळून केलं होतं ते. तर आईने कढईतला झारा खाली ठेवला..." त्याने दोन्ही हात मांडीवर टेकवले. "तीन दिवस गप्प होती ती. पाद्रीबाबांकडे जाऊन शपथ सोडवून घेतली होती म्हणे आधी. मगच बोलली. व्यायामाचे कागदही तुझेच होते म्हणाली."

"सही झाली?"

"ताई, मी काय बोलतोय?"

"ऐकलं मी. सही झाली का?"

"झाली." त्याचा खालचा ओठ थरथरला, लहानपणी थरथरायचा तसा. "तू का नाही सांगितलंस? एकदा तरी? चौकात तू दिसलीस तेव्हा मी... तेव्हा तरी धरून एक मुस्काटात द्यायचीस."

"सांगितलं असतं, तर आईने पुढे केलेला कागद तू हातात घेतला असतास?"

त्याने विचार केला. खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. "नाही," तो म्हणाला.

"मग झालं तर."

तो स्टुलावरून उतरला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडला. त्यासाठी त्याला फार वाकावं लागलं. शेजारची म्हातारी आपली सुटी राहिलेली बोटं स्वतःच हलवत त्यांच्याकडे कौतुकाने बघत होती.

"बाबा बाहेर आहेत," थोड्या वेळाने तो नाक पुसत म्हणाला. "आत येत नाहीत."

रादामेस समोरच्या फुटपाथवर भर उन्हात उभे होते. अडीच वर्षांत दहा वर्षांनी म्हातारे झालेले. त्यांच्याकडे मूल आईबापाला भेटलं की आधी आशीर्वाद मागतं, मग बाकीचं बोलणं. यूदेल्का समोर जाऊन उभी राहिली, पण शब्द तोंडापर्यंत आले आणि तिथेच थांबले. काहीतरी राहिलंय, असं तिला वाटलं. वडिलांच्या डोळ्यांतच ते होतं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले.

"काय?"

"तुझ्या आईने सांगितलं होतं ते. आठवड्याच्या आतच बेनहामिन साहेब बाजारात भेटले. म्हणाले, तुमची बायको हिंमतीची आहे." त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "मी घरी आलो. ती दारात उभी होती. तिच्यावर रागावलो असतो तर ती म्हणाली असती, तुला सगळं ठाऊक असून तू पोराला मैदानावर नेत होतास. ते ऐकायची ताकद माझ्यात नव्हती. तू लांब होतीस. लांबच्या माणसावर राग धरणं सोपं जातं, यूदेल्का. मी तो धरून राहिलो. पोरगा तुला शिव्या देत होता ते ऐकत राहिलो."

भावाचे शब्द यूदेल्काने सोसले होते, कारण त्याला ठाऊक नव्हतं. चौकातला तो रस्ता, परतीची ती बस, पानात गार झालेले पास्तेलेस, सगळं तिने सोसलं ते यांच्या घराला तडा जाऊ नये म्हणून... आणि हा माणूस एका शब्दात तिला घरी आणू शकत होता.

"दोन नाताळ," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "आईला ताप आला तेव्हा मी रात्रंदिवस इथे खोलीत येरझाऱ्या घातल्या. तुम्ही एक शब्द बोलला असतात तर..."

"हो."

"बस, एवढंच? हो?"

"मी तुला न्यायला आलेलो नाही. तो हक्क माझा राहिला नाही. तुझ्या तोंडावर हे सांगायला आलो होतो, एवढंच."

ती वळली आणि चालू लागली. कुठे ते तिला ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरचं फळांचं दुकान, लॉटरीची खिडकी, शाळेची भिंत. ती भराभर चालत होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि लोक बाजूला होऊन वाट देत होते. शाळेच्या भिंतीला वळसा घालताना तिच्या मनात आलं, बाबाही एकोणीस वर्षांचे होते तेव्हा त्यांना कुणी थांबवलं नव्हतं. कुणीच नाही. त्याने राग काही निवला नाही. पण तिची पावलं थोडी मंदावली. ती सगळ्या वस्तीला फेरी घालून पुन्हा दवाखान्याच्या दारापाशी आली.

रादामेस तिथेच होते. दोन पावलांवर बदामाच्या झाडाची दाट सावली होती. ते उन्हातच उभे होते, आणि त्यांचा शर्ट पाठीवर भिजून काळा पडला होता. योर्दानी दारातून हतबुद्ध होऊन एकदा त्यांच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

"सावलीत उभं राहायला काय होतं?" यूदेल्का रागानेच म्हणाली. तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना झाडाखाली ओढलं. ते तिच्यामागून लहान मुलासारखे आले. "आई कुठाय?"

"मागच्या बसने येतेय. चार वाजेपर्यंत पोचेल. म्हणाली, तुम्ही आधी जा, तुमचं तुम्ही निस्तरा."

यूदेल्काने बाहीने तोंड पुसलं. तिचा राग अजून जागच्या जागी होता. तो बहुधा बरेच दिवस राहणार होता, आणि त्याची तिला भीती वाटली नाही. तिने मान किंचित खाली केली.

"आशीर्वाद द्या, बाबा."

रादामेसचे ओठ हलले, पण आवाज फुटेना. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. यूदेल्का मान खाली घालून तशीच उभी राहिली. आत म्हातारीचा दुसरा हात राहिला होता, मार्गोतबाई हाका मारत होत्या, पण तिला कसलीच घाई नव्हती.